भिंतीवरचा धूळखाऊ

स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, मिक्सर कोणता घ्यावा, पडदे कुठल्या रंगाचे लावावेत, हे सगळं आपल्याला विचारलं जातं. पण खालच्या गॅरेजमध्ये किंवा मागच्या पडवीतल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये एखादं यंत्र यायचं म्हटलं, की तो एकदम 'त्यांचा' विषय होतो! ते आणि त्यांचे मित्र दुकानात जातात, खोक्यावरचे आकडे वाचतात, मान डोलावतात आणि यंत्र घरी येतं. मग त्याची पिशवी झटकायची कोणी, त्यातून सुटलेली धूळ जिन्यावरून, उशीच्या अभ्र्यांवरून काढायची कोणी, हे मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्या खरेदीविषयी लिहिते आहे. भिंतीवर टांगायचा, वर्कशॉपमध्ये वापरायचा व्हॅक्यूम क्लीनर. घरात सुतारकाम, वेल्डिंग, गाडीची दुरुस्ती, घरगुती चक्की यांपैकी काहीही चालत असेल, तर ही खरेदी तुमचीही आहे असं समजून वाचा.

बैठकीच्या खोलीतला, सोफा आणि गालिचा साफ करणारा नाजूक क्लीनर तो हा नव्हे. याला पिंपासारखी टाकी असते, टाकीच्या डोक्यावर मोटर आणि हाताच्या मनगटाएवढी जाड नळी. भुसा, लाकडाच्या ढलप्या, चुकार स्क्रू, सांडलेलं पाणी, सगळं हा गिळतो. म्हणूनच त्याला ओलं-सुकं मशीन म्हणतात. बहुतेक मशीनं चाकांवर फिरतात. भिंतीवरचं मशीन मात्र ब्रॅकेटवर कायमचं टांगलेलं असतं, आणि फिरते ती फक्त लांब नळी. अमेरिकेत घराला चिकटूनच गॅरेज असतं, तिथे हा प्रकार चांगलाच रुळला आहे. माझी नणंद तिकडे असते. तिच्या गॅरेजमध्ये दाराशेजारी तो टांगलेला आहे, आणि बर्फाचे बूट घालून आत आलेल्या मुलांचा चिखल ती गाडीतून त्यानेच काढते. आपल्या गावातल्या दुकानात बहुधा चाकांचंच मशीन पुढे करतात. ते भिंतीवर बसवायचं तर फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी ब्रॅकेट करून घ्यावा लागतो. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी धुळीचं बोलू, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

आमच्या ह्यांना सुतारकामाचा नाद. नोकरी बँकेतली, पण रविवार उजाडला की स्कूटर गॅरेजबाहेर आणि करवत सुरू! मुलींचं अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, सासूबाईंचा चौरंग, सगळं ह्यांच्या हातचं, आणि मला त्याचं कौतुकच आहे. पण धाकटीला बालदमा आहे. तिला खोकला येईल त्या रात्री मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने फुली करत असे. दोन महिन्यांची पानं घेऊन डॉक्टरांकडे गेले, तेव्हा फुल्यांची दाटी रविवार-सोमवारच्या रकान्यांत होती. डॉक्टरांनी औषध बदललं नाही. त्यांनी विचारलं, "घरात धूळ कुठून येते?" मी म्हटलं, "खालून."

आपल्याला वाटतं, पायाशी साचलेला भुसा म्हणजे धूळ. पण तो निरुपद्रवीच म्हणायचा, कारण तो पडतो आणि दिसतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. काचकागद घासताना किंवा सँडर चालवताना जी पूड उडते, तिचे पुष्कळसे कण १० मायक्रॉनहून बारीक असतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, हवेत तासन् तास तरंगतात आणि नाकातल्या केसांना चकवून थेट छातीत उतरतात. खात्री करून घ्यायची असेल तर काम संपल्यावर अर्ध्या तासाने गॅरेजमधला दिवा घालवा आणि टॉर्चचा झोत आडवा सोडा. उन्हाच्या कवडशात दिसतं तसं सगळं दिसेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोग निश्चित घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. वर्षानुवर्षं ही धूळ हुंगणाऱ्यांना नाकाच्या पोकळ्यांचा कर्करोग होऊ शकतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. रविवारच्या हौशी सुताराचा धोका कारखान्यातल्या कामगाराहून पुष्कळ कमी. पण दमेकरी मूल, म्हातारी माणसं आणि रोज तिथे झाडू मारणारी बाई यांचा हिशेब कुणी करत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ कापताना लाकडाबरोबर त्यातल्या गोंदाचीही धूळ उडते. त्या गोंदात सहसा फॉर्मल्डिहाइड असतं. फरशी किंवा ग्रॅनाइट कापल्यावर उडते ती सिलिकाची धूळ, आणि तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. गॅरेजवर जुना ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा असेल तर त्याला भोक पाडू नका, घासू नका, आणि त्याची पूड साध्या क्लीनरने ओढण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका.

कामाच्या मावशी आमच्याकडे पूर्वी नाकाला पदर लावून गॅरेज झाडायच्या. पदराने ढलप्या अडतील, ही पूड नाही अडत. कोरड्या झाडूने तर खाली बसलेली धूळ पुन्हा उठते. आणि त्याहून वाईट म्हणजे तो हातात धरायचा ब्लोअर! सगळ्या मोटार गॅरेजांत आणि सुतारांकडे तो असतो. भुर्र केलं की टेबल स्वच्छ, आणि टेबलावरची धूळ घरभर.

फुंकायचं की ओढायचं, हा वाद मोठा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये एका नाट्यगृहात हवा फुंकून धूळ उडवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. ते पाहायला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनिअर गेला होता. धूळ उडवण्यापेक्षा ओढून का घेत नाही, असं त्याने विचारलं. नंतर एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली, आणि रुमालावर काळा डाग उमटला, अशी हकिगत सांगतात. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एवढं मोठं होतं की घोडागाडीवरून न्यायचे आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडायचे. म्हणजे यंत्र एका जागी आणि नळी फिरती, ही कल्पना पहिल्या दिवसापासूनची आहे! पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँगलर नावाच्या एका सफाई कामगाराने पंख्याची मोटर, खोकं आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने ढकलायचं मशीन केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. दुकानातली जाजमं झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा उसळायचा, म्हणून त्याने हा खटाटोप केला. दमेकऱ्याने केलेलं यंत्र आहे हे, एवढं मात्र मला लक्षात ठेवावंसं वाटतं.

आता खरेदी. दुकानदार सर्वांत आधी ताकद सांगेल. माझं म्हणणं, तुम्ही सर्वांत आधी मशीनच्या पाठीमागून काय बाहेर पडतं ते बघा. मशीन पुढून हवा ओढतं, तेवढीच हवा मागून सोडतं. मधल्या फिल्टरला धूळ अडवता आली नाही, तर तुम्ही पैसे देऊन एक महागडा ब्लोअर घेतलात, आणि तोही छातीच्या उंचीवर टांगलात! स्वस्त मशीनमध्ये नुसता स्पंज किंवा कापडी टोपी असते. स्पंज पाण्यासाठी ठीक, धुळीला तो पुरत नाही. घड्या घातलेला कागदी फिल्टर बरा, आणि हेपा फिल्टर उत्तम. खऱ्या हेपाने ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ इतके अडवायला हवेत. खोक्यावर नुसतं 'हेपासारखा' किंवा 'हेपा प्रकारचा' असं असेल तर तो हेपा नव्हे. युरोपीय पद्धतीच्या मशीनवर एल, एम, एच अशी अक्षरं असतात. एल म्हणजे शंभरातली ९९ टक्के धूळ अडवणारं, एम ९९.९ टक्के, आणि एच ९९.९९५ टक्के. रोजच्या सुतारकामाला एम चांगलं. पण त्याची किंमत ऐकून तुमचे डोळे पांढरे होतील. साध्या मशीनला हेपा आणि आत कागदी पिशवी, हा मधला मार्ग आम्ही पत्करला.

दुकानात मी एक युक्ती केली. पर्समध्ये मूठभर मैदा आणि काळ्या ब्लाउजपीसचा तुकडा घेऊन गेले. काउंटरवर कागद पसरून मैदा टाकला, मशीनने ओढायला लावला आणि मागच्या झरोक्यापुढे काळं कापड धरलं. पहिल्या मशीनने कापडावर छानपैकी पांढरी छटा उमटवली. विक्रेता म्हणाला, "ताई, वर्कशॉपला एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, "मी बघते." हे एका बाजूला उभे राहून दुसरीकडेच पाहत होते! तिसऱ्या मशीनचं कापड काळंच राहिलं. मैदा काही १० मायक्रॉनहून बारीक नसतो, तेव्हा ही परीक्षा अगदी ढोबळ. पण जे मशीन मैदासुद्धा सोडतं ते सागाची पूड काय अडवणार?

ताकदीच्या आकड्यांबद्दल थोडं. मी बी. ए., शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते; भौतिकशास्त्राशी माझी ताटातूट कधीच झाली. पण भागाकार येतो, आणि इथे तेवढा पुरतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५ हॉर्सपॉवर' आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत '१२०० वॅट' असं असेल, तर १२०० भागिले ७४६ करा. दीडच्या थोडं वर येईल. मोठा आकडा जाहिरातीचा, लहान आकडा खरा. अमेरिकेतसुद्धा हीच गंमत आहे. तिथल्या साध्या सॉकेटमधून १२० व्होल्ट आणि १५ अँपियर, म्हणजे फार तर १८०० वॅट मिळतात, पण मशीनवर सहा-सहा हॉर्सपॉवर छापलेले असतात!

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. ते किती काम करतं हे दोन वेगळ्या आकड्यांवरून कळतं. एक ओढ, ती किलोपास्कलमध्ये देतात. पाणी आणि जड वस्तू वर खेचायला ती लागते. दुसरा हवेचा प्रवाह, तो सेकंदाला इतके लिटर असा देतात. हलका भुसा वाहून न्यायला तो लागतो. पाण्याच्या नळासारखंच आहे हे. जोर एक आणि धार दुसरी. सुतारकामाला धार जास्त महत्त्वाची. दोन्ही आकडे सांगता येत नसतील तर त्या दुकानदाराला फक्त खोकं विकता येतं असं खुशाल समजा.

आणि भिंतीवरच्या मशीनचा सगळा जीव नळीत आहे. मशीन हलणार नाही, म्हणून नळी लांब हवी. पण नळी जितकी लांब आणि अरुंद, तितकी धार कमी, कारण आतल्या वळ्यांना घासत हवा दमते. सहा मीटरने काम भागत असेल तर हौसेने दहा मीटर घेऊ नका. मापायचं कसं? भिंतीवर जिथे मशीन यायचं तिथे खिळा ठोका आणि त्याला सुतळी बांधा. सुतळीचं दुसरं टोक हातात धरून सगळीकडे फिरा. कामाच्या टेबलाला वळसा घाला, करवतीच्या मागे जा, गाडी असेल तर तिच्या पलीकडच्या दाराशी, पाय ठेवायच्या जागेपर्यंत वाका. जिथे सुतळी सर्वांत जास्त लागली तिथे गाठ मारा आणि त्यात एक मीटर मिळवा, म्हणजे नळी ताणून धरावी लागणार नाही. आमची गाठ साडेचार मीटरवर पडली. हीच सुतळी खिशात घालून आम्ही दुकानात गेलो होतो.

नळीची जाडीही बघा. ३५ मिलिमीटरच्या आसपासची नळी भुशाला चालते. पण इलेक्ट्रिक रंध्याच्या ढलप्या तिच्यात अडकतात, त्यांना ५० मिलिमीटर किंवा जास्त हवी. नळीचं तोंड तुमच्या घरातल्या करवतीला, सँडरला बसतं का, ते करवतच बरोबर नेऊन बघावं. धूळ उडतानाच तोंडाशी ओढली तर घरात यायला उरतच नाही. खाली पडल्यावर गोळा करणं हा दुय्यम उपाय.

भिंतीकडे येऊ. रिकाम्या मशीनचं वजन सहा-आठ किलो असतं, ते फार नाही. पण १५ लिटरची टाकी पाण्याने भरली की १५ किलो वाढले, वर मोटरची थरथर आणि नळीचे हिसके. भाजलेल्या विटांच्या भिंतीत चांगले अँकर फास्टनर ते पेलतात. हल्लीच्या इमारतींत पांढऱ्या हलक्या ठोकळ्यांच्या किंवा पोकळ ठोकळ्यांच्या भिंती असतात, त्यांत साधे फास्टनर भोक मोठं करून बाहेर येतात. तिथे आधी भिंतीवर जाड प्लायची रुंद फळी पाच-सहा जागी बसवून घ्या, आणि त्या फळीवर ब्रॅकेट. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये जुन्या टायरट्यूबचे तुकडे घाला, थरथर कमी होते. निजायच्या खोलीची किंवा शेजाऱ्यांची सामाईक भिंत टाळा. या मशीनचा आवाज बेताल असतो. मशीन चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर तो साधारण ८५ डेसिबलच्या घरात आहे असं समजावं. कानांवर मफ हवेत, निदान रोज वापरणाऱ्याला.

उंची किती? पुरुष मंडळी आपल्या खांद्याच्या मापाने टांगतात. पण टाकी उतरवून रिकामी करणारी व्यक्ती कोण? तिच्या कमरेशी टाकीचा तळ यायला हवा. डोक्यावरून भुशाची टाकी उतरवली की निम्मा भुसा केसांत. आमच्याकडे आता नियम आहे, ज्याने भुसा केला त्याने टाकी रिकामी करायची. तरीही उंची मी माझ्याच मापाने ठेवायला लावली; ह्यांची फिरतीची कामं निघतात, आणि भुसा काही थांबत नाही.

विजेचं काम मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॅटच मिळतात, आणि मोटर सुरू होताना त्याहून जास्त ओढते. म्हणून १६ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तार, पक्कं अर्थिंग. पाणी ओढणार असाल तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे ना, तेही पाहून घ्या. काही मशीनांवर करवतीचा प्लग लावायची सोय असते, करवत सुरू केली की मशीन आपोआप सुरू होतं. फार सोयीचं! पण दोन्हींचा भार एकाच सॉकेटवर येतो हे विसरू नका. आणि हो, अमेरिकेतल्या नातेवाइकांना 'येताना घेऊन या' म्हणून सांगू नका. तिथलं मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे लावलं की जळालं. त्याला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो मशीनएवढा जड आणि किमतीलाही भारी.

गॅरेजमध्ये स्कूटर किंवा गाडी असतेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. क्लीनरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात आणि त्यांच्या ठिणग्या उडतात. म्हणून सांडलेलं पेट्रोल, रॉकेल, थिनर या मशीनने ओढायचं नाही म्हणजे नाही. पेट्रोलचा वास आला तर आधी दार उघडून हवा जाऊ द्यावी, बटणाला हात लावू नये. मशीन जमिनीवर असण्यापेक्षा भिंतीवर उंच असणं या दृष्टीनेही चांगलं. दुसरी गोष्ट ग्राइंडरची. लोखंड घासताना उडालेली एखादी ठिणगी टाकीतल्या भुशात गेली, तर तो आतल्या आत धुमसत राहतो आणि दोन-तीन तासांनी, सगळे झोपल्यावर, पेट घेतो. लाकडाचं आणि लोखंडाचं काम एकाच दिवशी केलं असेल तर रात्री टाकी अंगणात रिकामी झालीच पाहिजे.

पाण्याविषयी. आम्ही सांगलीची माणसं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावात आलं, तेव्हापासून 'पाणी ओढणारं मशीन' म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. तर स्पष्ट सांगते, पुरानंतरचा गाळ हे काम या मशीनचं नव्हे. गाळ फावड्यानेच काढायचा, ओला असतानाच, कारण वाळल्यावर त्याचीही धूळ होते. आणि पाणी शिरलेल्या खोलीतली वायरिंग तपासून घेतल्याशिवाय कुठलाच प्लग लावायचा नाही. पावसाळ्यात दाराखालून आलेलं पाणी किंवा फुटलेल्या नळाचं थारोळं मात्र हे झकास ओढतं. त्याआधी कागदी फिल्टर आणि पिशवी काढून स्पंज लावावा लागतो. टाकी भरली की आतला तरंगता गोळा हवा बंद करतो आणि आवाज एकदम चिरका होतो. लगेच बटण बंद करावं. मोटरला गार ठेवणारी हवा ओढलेल्या हवेपासून वेगळी आहे का, हेही विचारून घ्या. तशी असेल तर ओलं काम करताना मोटर जास्त टिकते. तुमच्याकडे भुशापेक्षा पाण्याचंच काम जास्त असेल, तर माझ्या मते भिंतीचा नाद सोडून चाकांचंच मशीन घ्यावं. भरलेली टाकी भिंतीवरून उतरवण्यापेक्षा ढकलत मोरीपर्यंत नेणं बरं.

पापड-मसाल्याचा किंवा चक्कीचा उद्योग करणाऱ्या मैत्रिणींसाठी एक शब्द. पिठाची बारीक धूळ हवेत दाटली की ठिणगीने भडकू शकते, तेव्हा आधी खिडक्या उघड्या असू द्या. अन्नाच्या जागेचं मशीन वेगळंच ठेवावं, गॅरेजमधलं तिथे आणू नये. आणि मिरची कांडण्याच्या जागी हेपा नसलेलं मशीन लावून बघाच, सगळी आळी शिंकत तुमच्या दारात येईल!

किमतीचं म्हणाल तर घरगुती ओलं-सुकं मशीन साधारण पाच ते दहा हजारांत मिळतं. पण साडीची किंमत ठरवताना आपण फॉल, पिको, ब्लाउजची शिलाई धरतोच की नाही? तसा इथे फिल्टर आणि कागदी पिशव्यांचा भाव आधी विचारावा. ते गावात मिळतात का, कार्बन ब्रश कोण बदलून देतं, याचं उत्तर 'मागवून देऊ' असं आलं तर दुसरं दुकान बघा. फिल्टरचा खर्च वाचवायचा उत्तम उपाय म्हणजे रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादलीवर बसवायचा सायक्लोन. मशीन आणि नळी यांच्यामध्ये तो जोडतात. ताक घुसळताना भोवरा होतो तशी हवा आत गरगरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन बादलीत पडतो, आणि मशीनपर्यंत बारीक पूडच पोहोचते. बादली जाड हवी, पातळ बादली आत चेपते. भिंतीवरच्या मशीनच्या बरोबर खाली ती छान मावते.

फिल्टर आठवड्यातून एकदा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाकाला एन-९५ मास्क लावून झटकावा. गॅलरीतून झटकू नये, खालच्या मजल्यावर वाळवण असतं. धुता येतो असं त्यावर लिहिलं असेल तरच धुवावा आणि पूर्ण दिवसभर सावलीत वाळवावा. ओलसर फिल्टर चढवला की धुळीचा चिखल होऊन बसतो आणि बुरशीचा वास सुटतो.

निघालेल्या भुशाचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. निव्वळ लाकडाचा, रंग-पॉलिश न लागलेला भुसा ओल्या कचऱ्याच्या खतात थोडा थोडा घालता येतो. भाजीच्या देठांचा ओलावा तो शोषतो आणि वास येत नाही. प्लायचा, एमडीएफचा, सनमायकाचा भुसा मात्र खतात नको, कुंड्यांत नको, आणि बंब पेटवायलाही नको. तो पिशवीत बांधून, वर पाण्याचा हात मारून, सुक्या कचऱ्यापासून वेगळा घंटागाडीत द्यावा, आणि पिशवीत काय आहे ते गाडीवरच्या माणसाला सांगावं.